जसं आहे तसं घेणारं डबडं

"फोनमध्ये रेकॉर्डिंग होतं ना? मग हे डबडं कशाला आणलंस? आणि आणलंस ते आणलंस, तेही बिघडलेलं!"

ताई हे सकाळी म्हणाली. हातात उलथनं होतं, म्हणजे भांडण तिने जिंकल्यातच जमा. मी म्हटलं, "बिघडलेलं नाहीये." ती म्हणाली, "मग टकटक कसली येतेय त्यात?" मी कप सिंकमध्ये आपटला, त्याचा कान तुटला, आणि निघालो. कारण टकटक कसली ते तोवर मला कळलं होतं.

आता मी गच्चीवर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसलोय, दाराला आतून कडी घालून. अडीच वाजलेत. हे त्याच डबड्यात बोलतोय, लाल दिवा लागलाय. दाजी तीनला येणार. दाजी म्हणजे ताईचा नवरा, लिफ्टचा मेकॅनिक. शाळा सोडल्यापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. त्यांच्यासमोर काही सांगायला गेलो की माझं डोकं आधी तापतं आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणूनच ते मला ठिणग्या म्हणतात. तेव्हा आधी इथे नीट सांगून बघतो, मग त्यांना तसंच सांगेन.

पहिल्यापासून सांगतो. मला चाली सुचतात. कुठेही नाही, याच खोलीत. मोटार सुरू झाली की एक सूर धरते, जाड, एकसारखा. त्या सुरावर मी गुणगुणतो. घरी जाईपर्यंत अर्धं विसरतो. फोनवर घेऊन पाहिलं, तर फोन अतिशहाणा. मोटारीचा आवाज कचरा समजून पुसून टाकतो. उरतं काय, तर माझं एकट्याचं रेकणं. पायच नसलेली खुर्ची.

म्हणून जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकूंच्या दुकानात गेलो. त्यांनी तीन रेकॉर्डर काउंटरवर मांडले. पहिल्याला एवढी बटणं की विमान उडवायचं असावं. दुसरा पेनाएवढा, गोंडस. काकू म्हणाल्या, "हा मिटिंगवाले नेतात. आजूबाजूची खडखड आपोआप गाळतो." मी म्हटलं, "मला खडखडच पाहिजे." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग तिसरा पुढे सरकवला. साबणाच्या वडीएवढा, दोन सेलवर चालणारा, एक लाल बटण, वर माइकची जाळी. "हा काही सुधारत नाही बरं का. जे आहे ते घेतो. खोकलास तर खोकला."

दुकानातल्या पंख्याखाली उभा राहून गुणगुणलो आणि लावून ऐकलं. पंखा होता, मी होतो, मागे काकूंची शिंकही होती. म्हटलं, "हाच."

सोमवारी इथे पहिली चाल घेतली. मंगळवारी दुसरी. बुधवारी दाजींबरोबर ग्रीसच्या कामाला होतो, जमलं नाही. काल, गुरुवारी, तिसरी घेतली. आज सकाळी कोणती चांगली ते बघायला तिन्ही ओळीने ऐकली. आणि तिसरीत टक. मग टक. मग टक.

आधी मलाच राग आला. वाटलं, काकूंनी गंडवलं. म्हणून नळ सोडला, नळाचा आवाज घेतला. त्यात टक नाही. ताईचं ओरडणं घेतलं, त्यातही नाही. मंगळवारचं परत लावलं, कानाला चिकटवून. होती. लांबून कोणी नखाने वाजवावं तशी, पण होती. सोमवारी अजिबात नव्हती.

म्हणजे टक डबड्यात नाही. टक इथे आहे, माझ्यापासून चार हातांवर.

इथे मोठं चाक आहे, ज्यावरून लिफ्टचे दोर जातात. दाजींनी त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलीय, फेरे मोजायला. आज आल्या आल्या चाकासमोर बसलो. रेघ खाली आली की टक. दर फेऱ्याला, चुकत नाही. उघड्या कानाने तुम्हाला मोटारच ऐकू येईल. पण आधी रेकॉर्डरमध्ये ऐकली, की मग कान ती सोडत नाही. चाकाचा दांडा कुठेतरी चिरलाय. मी मेकॅनिक नाही, मला माहितीये. पण सोमवारी नसलेली गोष्ट गुरुवारी एवढी मोठी होत असेल, तर पुढच्या सोमवारी काय?

इथे रेंज नाही, म्हणून दुपारी खाली जाऊन दाजींना फोन केला. ते दुसऱ्या साइटवर होते. म्हणाले, "ठिणग्या, तुला वर्गात सर ओरडलेले ऐकू येत नव्हते आणि आता चाकातली टकटक ऐकू येते होय?" मागे कोणीतरी हसलं. मी म्हटलं, "दाजी, खरंच सांगतोय." तर म्हणे, "मागच्या आठवड्यातही खरंच होतं ना? आग लागली म्हणून पाच मजले पळवलंस मला. काय निघालं? वॉचमनकाकांचा करपलेला डबा!" मी चिडलो, नको ते बोललो, त्यांनी फोन ठेवला. नंतर लागलाच नाही.

तीनला ते लिफ्टच्या टपावर उभे राहून जाणार, उरलेलं ग्रीस लावायला. टपावर. उघड्यावर.

एवढंच असतं तर मी इतका घाबरलो नसतो. लिफ्ट सुटली तरी पडत नाही. इथेच एक छोटं चाक आहे, वेग वाढला की ते अडकतं आणि लिफ्टचे जबडे बाजूच्या रुळांना चावतात. पण ग्रीस लावताना ते जरा धक्का बसला की उगाच अडकतं, मग सोडवण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून सगळे मेकॅनिक ते तारेने बांधून ठेवतात. सगळेच. काम झालं की तार काढायची. बुधवारी काम अर्धं राहिलं. तार मीच धरली होती, दाजींनी पीळ दिला. ती अजून तशीच आहे. मला दिसतेय इथून.

म्हणून मघाशी मी विजेचा मेन खटका खाली ओढला. चाक फिरत होतं, रेघ खाली येत होती, टक ऐकलं आणि मला राहवलंच नाही. धाडकन ओढला. चाक अर्ध्यात थांबलं. रेघ आता तिरकी उभी आहे. दाजी येऊन शिव्या देऊ देत, कामावरून काढू देत, पण

थांबा.

चाक फिरत होतं.

नियम आहे, पहिल्या दिवशी शिकवलेला. आधी लिफ्ट मजल्याला लावायची, रिकामी आहे बघायची, मग खटका. चाक फिरत होतं म्हणजे लिफ्ट चालली होती. म्हणजे कोणीतरी

खालून ठोकतंय. मला वाटलं कबुतरं आहेत. पान्याने ठोकतंय कोणीतरी. लिफ्टमध्ये पान्याने कोण ठोकणार?

"ठिणग्याऽऽ! खटका कोणी ओढला रे गाढवा?"

दाजी. लवकर आले. आत आहेत.

दोर जातात त्या भोकाला तोंड लावून ओरडलो, "दाजी, हलू नका! उड्या मारू नका!" ते म्हणाले, "उड्या मारायला मी काय माकड आहे? लाइट दे." म्हटलं, "देणार नाही. एक ऐका आधी." "वर येऊ दे मला, मग तुला ऐकवतो!"

हे बंद करतो आणि त्यांना ऐकवतो.

परत सुरू केलंय. भोकाशी धरून ऐकवलं. आधी सोमवार, मग मंगळवार, मग काल. त्या खोल विहिरीत टक केवढी मोठी वाजली. सोमवारला ते म्हणाले, "हे काय रडगाणं?" मंगळवारला पान्याची ठोकाठोक थांबली. कालचं संपलं. मग एकदम हळू, असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, म्हणाले, "रेघ खाली आली की?"

"हो."

"बाळा, तार काढली होती का रे आपण?"

ठिणग्या नाही म्हणाले. बाळा म्हणाले.

पक्कड घेतली. हात इतका घामेजलाय की दोनदा सटकली. तिसऱ्यांदा तुटली, ऐकू आलं असेल. छोटं चाक हाताने हलवून बघितलं, मोकळं आहे. ओरडून सांगितलं, "कापली!" खालून मोठा श्वास ऐकू आला. मग परत नेहमीचे दाजी, पण घाईत. "खटक्याला हात लावू नकोस. चाकालाही नाही. मी चौथ्या-पाचव्याच्या मध्ये आहे. दाराची चावी खिळ्याला आहे, ती घे, वॉचमनकाकांना शिडी घेऊन चौथ्यावर बोलाव. आणि ताईला फोन करू नकोस."

चावी सापडली. मोठं चाक आत्ता जरासं कुरकुरलं, खटका खाली असताना. रेघ मघाशी होती तिथे नाहीये, बोटभर सरकलीय, म्हणजे दांडा सुटत चाललाय. मला आता जायला पाहिजे.