आत बसलेला तिसरा

मी एक लॅपटॉप बोलतोय. जुना, कोपऱ्याला पोचा आलेला, एक बिजागरी करकरणारा. ऐकणारे तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही, तेव्हा सगळं सांगेनच असं नाही. बघू. चेहऱ्याने सोज्वळ असलेली माणसं मनात काय शिजतंय याचा पत्ता लागू देत नाहीत, हे मी फार जवळून पाहिलंय. माझा स्वभाव संशयी झाला तो उगाच नाही.

कारखान्यात एकीने स्क्रू पिळला की दुसरी तो पुन्हा पिळून बघायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा. पुढे दुकानात आलो. जो तो यायचा, चार बटणं दाबायचा, किंमत वाचून तोंड वाकडं करायचा. शेवटी एक गृहस्थ आले. नीटनेटके, हसतमुख. "बायकोला वाढदिवसाची भेट द्यायचीय," म्हणाले. मी हुरळून गेलो.

घरी नेल्यावर मला रंगीत कागदात गुंडाळण्याआधी साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि माझ्यात एक प्रोग्रॅम घातला. तो कुठे दिसायचा नाही. बटणावर बोट पडलं की ते अक्षर टिपून ठेवायचा, आणि थोड्या वेळाने सगळं गुपचूप साहेबांच्या ऑफिसच्या मेलवर पाठवून द्यायचा. हे झाल्यावर त्यांनी कागदावर फीत बांधली. फुलाची गाठसुद्धा मारली.

माझी मालकीण इतकी खूश झाली, काय सांगू! रोज दुपारी ती माझ्यासमोर बसायची आणि दुसऱ्या गावी असलेल्या ताईला लांबलचक पत्रं लिहायची. भाजी करपली इथपासून सासूबाईंच्या टोमण्यांपर्यंत सगळं. एकदा तिने लिहिलं, 'बालवाडीत जागा निघालीय. अर्ज करू का? यांना अजून सांगितलं नाही.'

त्या संध्याकाळी जेवताना साहेब म्हणाले, "बालवाडीत जायचा विचार चाललाय म्हणे?"

तिचा घास हातातच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आता कोणी सांगितलं ते तुझ्या ताईलाच विचार," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली.

तिने ताईला विचारलं. ताईने शपथा घेतल्या, मग चिडली, मग रडली. पण घरातली गोष्ट त्या दोघींशिवाय कोणाला माहीतच नव्हती, मग मालकिणीने कोणावर संशय घ्यावा? असं आणखी दोनतीनदा झालं आणि तिने ताईशी बोलणं टाकलं. बालवाडीचा विषयही तिथेच संपला. मी सगळं जाणून होतो आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं. आतल्या आत नुसता तापायचो. ती म्हणायची, "पंखा खराब झाला वाटतं याचा."

त्यानंतरही ती ताईला लिहायची. पानभर लिहायची आणि न पाठवताच खोडून टाकायची. तिला वाटायचं, गेलं. कुठलं जातंय! प्रोग्रॅमने खोडलेलंही टिपलेलं असायचं, आणि साहेब ते ऑफिसात चहा पीत वाचायचे. माणूस दुसऱ्याचं दुःख इतक्या निवांतपणे वाचू शकतो याची मला चीड येते, अजूनही.

मग काही वर्षांनी साहेबांनी तिला नवा लॅपटॉप आणला आणि मी कपाटात स्वेटरांखाली गेलो. एक दिवस तिने मला पुसलं, पिशवीत घातलं आणि एका बंद छापखान्याच्या मागच्या खोलीत आणून दिलं. तिथे काही मंडळी सुट्टीच्या दिवशी जमून जुने लॅपटॉप दुरुस्त करतात, तपासतात आणि गरजूंना देतात. फुकट. हे ऐकूनच माझे कान टवकारले. फुकट कोण काय करतं? माझे चांगले भाग काढून विकणार, नाहीतर माझ्या पोटात नाक खुपसणार, अशी माझी खात्री झाली.

पण तिथला नियम वेगळाच निघाला. आतलं काही बघायचं नाही, आधी पुसायचं. जिच्यात माझी सारी आठवण साठते ती डिस्क काढायची, दुसऱ्या यंत्रावर कोरी करायची आणि मग परत बसवायची. पुसायच्या डिस्क डाव्या ट्रेमध्ये, पुसलेल्या उजव्या. हे काम डावरा करतो. तो बस डेपोत इलेक्ट्रिशियन आहे, हात डावा, म्हणून तो बसला की ट्रे उलटे मांडतो. त्या दिवशी टेबल दुसऱ्याच कोणीतरी नियमाप्रमाणे मांडून ठेवलं होतं. पुसलेली डिस्क घ्यायला डावऱ्याचा हात सवयीने डावीकडे गेला आणि माझी न पुसलेली डिस्क जशीच्या तशी माझ्या पोटात परत आली.

तिथून मी टेलिफोनबाईंच्या पुढ्यात गेलो. त्या निवृत्त झालेल्या टेलिफोन ऑपरेटर. शेवटची तपासणी त्यांची. नजर अशी, की मला वाटलं, ही बाई स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागत असेल. त्यांनी मला इंटरनेटच्या वायरीला जोडलं, एकेक बटण दाबून पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. वायरीच्या डब्यावरची माझी बत्ती लुकलुकली. त्यांनी आणखी दोन ओळी टाइप केल्या. पुन्हा थांबल्या. पुन्हा बत्ती.

"डावऱ्या, इकडे ये बघू. मी गप्प बसले की हा कोणाशी तरी बोलतो."

"अपडेट होत असेल हो."

"माझा जन्म लायनीवर गेलाय. मध्ये तिसरा कान लावून बसलाय, हे मला कळतं. आणि हा पुसलेलाच नाही."

डावऱ्याने जीभ चावली. "ट्रे! माझंच चुकलं. द्या, आत्ता पुसतो."

"पुसलास तर त्या बाईला कधीच कळणार नाही."

"अहो, पण बघायचं नाही हा नियम आपणच केलाय ना?"

"मग आपण नको बघायला. तिला बोलव. ती बघेल."

मालकीण आली ती धास्तावूनच. टेलिफोनबाईंनी तिला स्टूल दिलं आणि सरळ विचारलं, "तुम्ही लिहिलेलं दुसऱ्या कोणाला कळायचं का हो?"

"कळायचं. माझी सख्खी बहीण सांगायची."

डावऱ्याने तो लपलेला प्रोग्रॅम उघडून दिला आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. लिहिलेलं सगळं कुठे पाठवायचं, तो साहेबांच्या ऑफिसचा पत्ता तिथे होता. तिने तो वाचला. मग पुन्हा वाचला, पडद्यावर बोट ठेवून.

"हे कधीपासून आहे?"

"घेतल्या दिवसापासून," डावरा भिंतीकडे बघत म्हणाला.

"नवा लॅपटॉपही यांनीच सगळं घालून दिलाय मला," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आपण काय बोललो ते आलं.

नंतर तिने फोन काढला. पलीकडून हॅलो आलं तशी एका दमात म्हणाली, "ताई, तू नव्हतीस."

एवढ्या वर्षांनी ताईचा आवाज आला, "नव्हतेच मी. कुठे आहेस तू? येते."

मिळाली ती बस पकडून ताई आली आहे. दोघी शेजारी बसल्यात. ताईच्या चेहऱ्यावर राग अजून आहे, आणि तो असायलाच हवा. डावऱ्याने स्क्रू सैल करायला घेतलेत. माझ्यात कोरी डिस्क बसेल, मी दुसऱ्या कोणाच्या घरी जाईन आणि यातलं काहीच मला आठवणार नाही. म्हणून घाईघाईने सांगून टाकलं. माझा नवा मालक कोणीही असो, त्याने मलाही टेलिफोनबाईंच्या नजरेने बघावं, मला राग यायचा नाही. येतो मी.

"ही जुनी डिस्क वकिलाला लागेल," डावरा म्हणतोय. "जपून पर्समध्ये ठेवा."

"माझ्याकडे नको, ताईला द्या," मालकीण म्हणते, आणि बहिणीकडे वळते. "तुला लिहून खोडलेलं सगळं त्यात आहे गं. त्यांनी कधीच वाचलंय. वाचायची राहिलीस ती तूच."