चोपड्याचा सांगोड

त्रिपुरारी पुनवेला गोव्यातल्या चोपड्यात देवाचा सांगोड निघतो. दोन होड्या शेजारी बांधायच्या, त्यांच्यावर फळ्यांचा मंच, मंचावर कृष्णाची उत्सवमूर्ती, आणि आरती म्हणत नदीतून एक फेरी. गेल्या वर्षी हे काम पहिल्यांदाच एका बाईकडे आलं. जानकी देवस्थान समितीवर नवीनच होती.

तिला पुढे केलं ते अध्यक्ष कृष्णनाथकाकांनी. काका निवृत्त मुख्याध्यापक, जानकी त्यांची विद्यार्थिनी. आरत्यासुद्धा तिला त्यांनीच शिकवलेल्या.

"काका, मंच कमरेएवढो उंच केलो तर?" तिने बिचकतच विचारलं. "काठावरच्या म्हाताऱ्यांका देव दिसतच नाय."

"कर गो. चुकलंस तर शिकतलंस. चुकणाऱ्याक देव टाकत नाय. आणि मी आसंय मागे."

तेवढ्यावर तिने मंच उंच केला.

फेरी अर्धी झाली आणि भरतीचं पाणी आडवं लागलं. सांगोड कलला. आरती चालू असतानाच मूर्ती नदीत गेली. माणसं पोहत काठाला लागली, कुणाला इजा झाली नाही. मूर्ती दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात सापडली. बासरीचा हात मोडलेला.

देवळाच्या मंडपात सभा भरली. मंच उंच करायला कोणी सांगितलं, असा प्रश्न आला. जानकीने काकांकडे पाहिलं. त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला. सभेत ते नेहमी शाळेतलं शुद्ध मराठी बोलत.

"मी तिला नको म्हटलं होतं. हल्लीची मुलं ऐकत नाहीत."

"काका, तुमीच कर म्हटलात."

"देवावर विश्वास ठेव, एवढंच म्हटलं होतं."

चूक तिचीच होती, आणि ती कबूल करायलाच ती आली होती. पण आता कबुलीलाही जागा उरली नाही. ती जे बोलेल तो म्हाताऱ्या गुरुजींवरचा आरोप ठरणार होता. ती खाली बसली. समितीतून तिचं नाव गेलं.

पुढे कित्येक दिवस तिच्या घरात आरती झाली नाही. देवाचा तिला राग नव्हता. पण ज्या तोंडून देव समजला होता ते तोंड आठवलं की हात जोडले जात नव्हते.

उन्हाळ्यात एकदा ती नदीवर गेली. त्याच दोन होड्या काठाला बांधलेल्या होत्या. ती एकीत उतरली, हलवून पाहिली, मग दुसरीत. सांगोडाच्या वेळी होड्या एकमेकींना अगदी चिकटून बांधल्या होत्या. मंचाची उंची वाढवली, पण खालची रुंदी नाही. एवढंच चुकलं होतं.

यंदा काम गौरेशकडे गेलं. तो तिच्या शेजारचा. आपण होऊन विचारायला आला.

"मंच उंचच कर," ती म्हणाली. "पण होड्यांमधी अंतर ठेव. आणि आधी देवाशिवाय, भरतीच्या पाण्यात फिरवून बघ. मी येतंय. काय इस्कटला तर सभेत पण येतंय."

पहिल्या चाचणीला सांगोड डुगडुगला. दोघांनी दोर सोडून होड्या आणखी लांब बांधल्या. पुनवेला फेरी नीट पार पडली. काठावरच्या म्हाताऱ्यांना बसल्या जागेवरून देव दिसला.

तरुणांना संधी द्यायला हवी, असं भाषण काकांनी केलं. मग प्रसाद वाटत ते जानकीपाशी आले. प्रसाद देवाचा म्हणून तिने हात पुढे केला. काका काहीतरी बोलणार होते. ती थांबली नाही, नदीकडे वळली. पाण्यात गौरेश एकटाच दोर सोडत होता.