आत्याबाईंच्या तोंडी नाव

हर्षाच्या जिवाला चैन म्हणून नव्हतं. चार रोपं चिखलात खोवायची, की लगेच हात पदराला पुसून मोबाइल बघायची. व्हिडिओचं चॅनल म्हणायला तिचं होतं, पण ते आता बघणारेच चालवत होते. आधी ती रोवणी दाखवायची, रानभाज्या दाखवायची. पन्नास-साठ जण बघायचे, त्यांत अर्धे माहेरचे. मग एकदा सासू, शकुंतलाबाई, मागून करवादली, "मोबाइल चाटून पोट भरते का व?" आणि झालं! लोक त्या म्हातारीवर तुटून पडले. आजीला आणा, आजीला चिडवा, आजीला बोलतं करा. लोक सांगतील ते हर्षा करत गेली. आकडा चढला की भूक लागायची, उतरला की झोप उडायची.

या शकुंतलाबाईंनी चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, ही त्यांची पक्की समजूत. नवऱ्याचं नाव बकाराम, म्हणून बकरीलासुद्धा त्या "थे में-में करनारी" म्हणायच्या. हे रायपूरकडच्या कुणा बघणारीनं नेमकं हेरलं आणि विचारलं, आजी बकरीला बकरी का म्हणत नाहीत? गावातल्याच एका दीडशहाण्यानं उत्तर लिहून मोकळं व्हावं ना! मग काय, एकच गलका. आजींना नाव घ्यायला लावा! हर्षाला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, तिनं त्यावर मतं मागवली. शंभरात नव्वद म्हणाले, लावाच.

तीन दिवस तिनं जंग जंग पछाडलं. रेशन कार्ड सासूपुढे करून "यावर काय लिवलं आहे, आत्याबाई?" विचारलं. उखाण्याचा आग्रह धरला. म्हातारी बधेना.

"मी नाव घेतली अन् याईले काही झालं तं? तुया मोबाइल मले दुसरा आणून देईन का?"

लोक पोट धरून हसले, पण नाव काही आलं नाही. मग कुरकुर सुरू झाली. कुणी लिहिलं, जमत नसेल तर बंद कर दुकान. आकडा घसरायला लागला.

चौथ्या दिवशी दुपारी रोवणी चालू होती आणि मोबाइल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठीला बांधून लाइव्ह सुरू होता. भाताच्या दोन बांध्या पलीकडे, पळसाच्या झुडपांआड, बकाराम ट्रॅक्टरनं चिखलणी करत होता. इतक्यात कुणीतरी लिहिलं, "म्हण, ट्रॅक्टर पलटला." खाली दुसऱ्यानं तेच लिहिलं, मग विसांनी, मग शंभरांनी. नको गं बाई, असलं अभद्र नको, असं हर्षाला वाटलं. खरंच वाटलं. पण बघणारे चार हजारांवर गेले होते आणि तिचा जीव त्या आकड्याला टांगला होता.

"आत्याबाई! ट्रॅक्टर पलटला व!"

शकुंतलाबाईंच्या हातची रोपांची जुडी गळून पडली. रोवलेल्या बांधीत लेकराचं पाऊल पडू न देणारी ती बाई ताजी रोपं तुडवत सरळ धावत सुटली.

"बकाराम! ओ बकाराम!"

रोवणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या. हर्षा मोबाइल सोडवून मागे पळाली. पडद्यावर लाल बदामांचा नुसता पूर आला होता.

झुडपांपलीकडे ट्रॅक्टर धडधडत होता. बकारामनं बायकोला गुडघाभर चिखलात पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "का झालं व?"

शकुंतलाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग धुऱ्यावर मटकन बसल्या आणि चिखलाच्या हातानं स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागल्या. एकदा, दोनदा, तीनदा. तेव्हा कुठे हर्षानं लाइव्ह बंद केलं.

संध्याकाळपर्यंत दोन लाख लोकांनी ते पाहिलं. घरात शकुंतलाबाईंनी सुनेकडे पाठ करून चूल पेटवली. शिव्या घातल्या असत्या तर हर्षाला बरं वाटलं असतं. बकाराम जेवताना जरा खोकला, तर त्या पाणी घेऊन धावल्या आणि तांब्या हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.

जेवण झाल्यावर बकाराम अंगणात सुनेपाशी आला. "गावातले पोट्टे माया नावानं वरडून राहिले. दाखव मले."

आता मोबाइल दगडावर आपटणार, असं हर्षाला वाटलं. आपटला असता तर ती एक शब्द बोलली नसती. पण त्यानं तो कानाला लावला. ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"इंजिन सुरू होता," तो म्हणाला. "मले आयकूच नाई आलं. दोन लाख लोकायनं आयकलं, मीच तेवढा राहिलो."

"मामाजी, चुकलं माझं. आत्ता पुसून टाकतो."

"लोकायजवळचं कसं पुसशीन? तिले जाऊन सांग, मी काही मरत नाई म्हणून. माया आयकून नाई राहिली."

हर्षानं ते पुसलं, मोबाइल खाटेवर टाकला आणि आत गेली. शकुंतलाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. हर्षानं त्यांचे पाय धरले. "आत्याबाई, ते खोटं होतं. मामाजीले काही होत नाई. तुमची आन."

शकुंतलाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, मग दाराकडे, मग वर आढ्याकडे.

"हे बी लोकं पाहून राहिले का व?" त्यांनी हळूच विचारलं.