मंगळवारची पिंपं

“गुड मॉर्निंग, मिस्टर टॅटरसॉल. मी आजारपणाच्या भत्त्याच्या ऑफिसातून बोलतेय. कसे आहात आज?” बेरिलने फोन म्हणून कानाला केळं लावलं होतं.

“बरा आहे,” नॉरिस म्हणाला.

बेरिलने केळं टेबलावर आपटलं. “झालं. गेला भत्ता. पुढचं विचारायचीसुद्धा गरज नाही.”

“अगं, कुणी विचारलं की तसंच म्हणतात ना?”

“लोक म्हणू देत. तू नाही म्हणायचंस. त्यांना तुझा सगळ्यात वाईट दिवस सांगायचा. नऊ दिवस तू आंघोळ केली नव्हतीस, ते सांग. मी दार वाजवत होते आणि तू जिन्याखालच्या कपाटात बसून होतास, ते सांग.”

“ते काय फोनवर सांगायचं असतं?”

“नाहीतर काय पोस्टकार्डावर लिहून पाठवणारेस? चल, पुन्हा. कसे आहात आज?”

नॉरिसने केळ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि अगदी मनापासून प्रयत्न केला. “तसा… फार वाईट नाही.”

बेरिलने ते केळं सोलून खाऊन टाकलं.

खरं तर यात नॉरिसचा एकट्याचा दोष नव्हता. उत्तर इंग्लंडमधल्या त्याच्या अख्ख्या ओल्डहॅम गावाला हीच खोड. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये टांगलेला माणूससुद्धा भेटायला येणाऱ्याला “चाललंय, तक्रार नाही” असं म्हणणार आणि वर त्याला बसायला खुर्ची पुढे सरकवता येत नाही म्हणून त्याचीच माफी मागणार. दुखणं उघड्यावर मांडणं म्हणजे धुतलेल्या चड्ड्या रस्त्याच्या बाजूला वाळत घालणं. नॉरिस त्रेपन्न वर्षांचा होता आणि त्रेपन्न वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं.

अगदी तेव्हासुद्धा नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी तो शाळांना जेवण पोचवणारी व्हॅन चालवायचा. एके दिवशी भर रस्त्यात त्याने व्हॅन थांबवली आणि खाली उतरून फुटपाथवर बसला, कारण इंजिन त्याच्याबद्दल काहीबाही बोलत होतं. पोलीस आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, “मी ठीक आहे, तुम्ही उगीच थांबू नका.” मागे साडेतीनशे मुलांचं जेवण गार होत होतं. त्यानंतर चार महिने हॉस्पिटल, आणि मग दोन वर्षं सोफा. सोफ्याला त्याच्या आकाराचा खड्डा पडला. आजारपणाचा सरकारी भत्ता यायचा, त्यावर घर चालायचं.

आणि मग पिंपं आली.

म्हणजे ती होतीच. प्रत्येक घरासमोर कचऱ्याचं एक चाकांचं पिंप असतंच. दर मंगळवारी सकाळी कचरागाडी येते, पिंपं उलटी करून रिकामी करते आणि निघून जाते. कचरा जातो, वास मात्र राहतो. शेजारच्या मिसेस हिगिनबॉटम सत्त्याऐंशीच्या. त्यांच्या पिंपात गेल्या वर्षी माशांची डोकी कुजली आणि वास थेट नॉरिसच्या सोफ्यापर्यंत आला. तो दोन दिवस सोसत राहिला. तिसऱ्या दिवशी बाहेर गेला, बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन कमरेपर्यंत पिंपात शिरला, आणि वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याला एकदम लक्षात आलं, की या वीस मिनिटांत डोक्यात कुणीही बोललं नव्हतं.

मिसेस हिगिनबॉटमनी तीन पौंड पुढे केले. तो नको म्हणाला. “घे रे राजा,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पुढच्या आठवड्यात कुठल्या तोंडाने बोलावू तुला?”

उन्हाळा संपेपर्यंत बावीस घरं झाली. नॉरिसने ऑफिसला रीतसर कळवलं, दर महिन्याची कमाई पैशान् पैशाने लिहून दिली, कारण लपवाछपवी त्याच्याच्याने होत नसे. आठवड्याला चार-पाच तास काम. पण काय थाट! गाडी पुढच्या गल्लीत वळते न वळते तोच हा बादली घेऊन हजर, कारण पिंप धुवायचं तर गाडी गेल्याबरोबर धुवायला हवं. दुपारपर्यंत लोक त्यात पुन्हा कचरा टाकतात.

आणि एक गोष्ट कुणी ठरवली नव्हती पण सगळे पाळायचे. मंगळवारी नॉरिसच्या पुढच्या खिडकीचा पडदा बंद दिसला, तर त्या आठवड्यात पिंपं धुतली जाणार नाहीत. कुणी दार वाजवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. पडदा महिन्यातून एकदा बंद असायचा, कधी लागोपाठ दोनदा. उघडला की मिसेस हिगिनबॉटम एवढंच म्हणायच्या, “आज वारं फार आहे, टोपी घाल बाळा.”

भत्ता चालू ठेवायचा की नाही हे ठरवणारा ऑफिसचा फोन गुरुवारी आला. बेरिल समोर बसली होती. पलीकडची बाई आवाजावरून तरुण आणि खूप गोड वाटत होती, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

“कसे आहात आज, मिस्टर टॅटरसॉल?”

“बरा आहे, थँक्यू. तुम्ही कशा आहात?”

बेरिलने कपाळाला हात लावला.

“तुम्ही काही छोटं काम करता असं दिसतंय इथे. त्याबद्दल सांगाल?”

आता, नॉरिसला त्याच्या पिंपांबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो सरसावून बसला. आधी गार पाणी आणि मग गरम, उलटं का करू नये, झाकणाच्या बिजागरीत अळ्या कशा लपतात, सगळं सांगितलं. बाई हसली. तोही हसला. बेरिल एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘पडदा’ असं लिहून त्याच्या नाकासमोर नाचवत होती.

“आणि हे तुम्ही किती वेळा करता?”

नॉरिसने तो कागद वाचला. मान दुसरीकडे वळवली.

“दर मंगळवारी,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर बेरिलने तो कागद चुरगळून टाकला. मग म्हणाली, “का रे?”

“इतकी छान बोलत होती ती,” नॉरिस म्हणाला. “तिला कशाला उगीच…”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आजारपण मोजायचे गुण: शून्य. पत्रात लिहिलं होतं की आपण सकाळी वेळेवर उठता, बावीस घरी नियमितपणे शारीरिक काम करता, अनोळखी व्यक्तीशी हसून बोललात. भत्ता कमी करण्यात येत आहे. उरलेला हवा असेल तर पूर्ण वेळाची नोकरी शोधावी लागेल आणि त्यासाठी दर आठवड्याला रोजगार कार्यालयात हजर राहावं लागेल. वार मंगळवार, वेळ नऊ वीस.

बेरिलने अर्ज केला, दाद मागितली. सल्ला केंद्रातला माणूस म्हणाला, “निकाल तुमच्या बाजूने लागेलही. पण वर्ष लागेल.” मधल्या काळात काय, तर हजेरी. एकदा चुकली तरी पैसे कापणार.

नॉरिसने स्वतः कार्यालयाला फोन केला. त्याच्यासारख्या माणसाने हे करणं म्हणजे डोंगर चढण्यासारखंच होतं. “वार बदलता येईल का? मंगळवारी मला काम असतं.”

“नोकरीची मुलाखत आहे का?”

“नाही. पिंपं धुतो मी.”

“ती बुधवारी धुवा की.”

“बुधवारी ती भरलेली असतात,” नॉरिस म्हणाला.

“वार कॉम्प्युटर ठरवतो, सर. तब्येतीचं काही कारण आहे का?”

नॉरिसने मान वर केली. जिन्याखालचं कपाट त्याच्या समोरच होतं. “नाही, तसं काही नाही,” तो म्हणाला.

सोमवारी तो बावीस दारं फिरला. प्रत्येक दाराशी तेच: उद्यापासून जमणार नाही, माफ करा. लोक म्हणाले, “हरकत नाही.” लोक म्हणाले, “नोकरी लागणार? अरे वा.” मिसेस हिगिनबॉटमनी त्याचा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि मग दार लावून घेतलं.

मंगळवारी कार्यालयाकडे जाणारी दुमजली बस त्याच्याच गल्लीतून गेली. तो वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट, बेरिलने दिलेला टाय, मांडीवर फाइल. कचरागाडी नुकतीच गेली होती. पिंपं झाकणं उघडी टाकून रांगेत उभी होती. सिग्नलला बस थांबली.

खाली मिसेस हिगिनबॉटम एका हाताने पिंपाचा काठ धरून दुसऱ्या हाताने आत भांडी घासायचा छोटा ब्रश फिरवत होत्या. तो तळापर्यंत पोचतच नव्हता. किटलीतलं पाणी त्यांच्या चपलांवर सांडलं होतं.

उतरायचं बटण नॉरिसच्या डोक्याजवळच होतं. त्याने घड्याळ पाहिलं. नऊला सहा मिनिटं कमी. बसच्या काचेवर वाफ धरली होती. त्याने तळवा काचेवर ठेवला आणि पिंप धुताना करायचा तसं सावकाश, काठाकाठाने, कोपऱ्यातून गोल, तळाशी जोर देऊन पुसायला लागला.

मिसेस हिगिनबॉटमनी पाठ सरळ करायला मान वर केली. त्यांना वाटलं, तो हात हलवतोय. त्यांनी ब्रश उंच धरून हलवला.

सिग्नल हिरवा झाला. काच लख्ख झाली होती, तरी नॉरिस पुसतच राहिला.