होडीवाल्याचं पान

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या लेखक मुलाची पंचाईत झाली.

'लोहबाहू' ही चित्रकथा तो कितीतरी वर्षं लिहीत होता. अण्णांची सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे दर महिन्याला अंक आला की चिलखताचा खिळासुद्धा ते भिंगाखाली घालून बघायचे. आता एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला अक्षर लागेना. म्हणाले, "तूच वाच रे. लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकू तरी एकदा."

लेखक खुर्ची ओढून बसला. "थांब, राक्षसा!" त्याने वाचलं.

"हं," अण्णा म्हणाले.

पान उलटलं. "खण्ण!" पुढचं पान. "धाड!" त्याच्या पुढच्या पानावर तर शब्दच नव्हता.

"काय चाललंय?" अण्णांनी विचारलं.

"मारामारी."

"बरं." पुन्हा पान उलटल्याचा आवाज. "आणि आता?"

"तीच."

स्वयंपाकघरातून बायको हसली. "अण्णा, मी भांडी आपटू का? तेवढीच लढाईला साथ!"

लेखकाचे कान तापले. चित्रकाराचा हात असा होता की तलवार पानातून बाहेर येईल असं वाटावं. वाचक त्यासाठीच अंक घेत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण चित्रं बाजूला केली तर आपल्या वाट्याचं काय उरतं, ते आज पहिल्यांदाच त्याला ऐकू येत होतं. देवाने कान दिले ते काय नुसता खणखणाट ऐकायला? ऐकणाऱ्याचा हुंकार हाच सांगणाऱ्याचा प्रसाद, आणि तो अण्णांच्या ओठांवर केव्हाच आटला होता.

"बरं, तो होडीवाला कुठे आहे रे?" अण्णा म्हणाले. "लोहबाहू भावाला शोधायला निघाला, तेव्हा भर पुरातून पलीकडे नेलं होतं बघ त्याने. 'परत येतो, इथेच थांब' असं लोहबाहू सांगून गेला होता त्याला. पार सुरुवातीला."

लेखकाला होडीवाला आठवेना. मग आठवला, आणि त्याच्याबरोबर भाऊही आठवला. इतक्या लढायांच्या धुमश्चक्रीत दोघे कुठे सांडले, त्याचा पत्ता नव्हता.

"आहे ना," त्याच्या तोंडून निघून गेलं. "याच अंकात आहे."

आणि समोरच्या धडाधडीवर नजर ठेवून तो सांगू लागला. लोहबाहू नदीवर येतो. होडी तिथेच आहे. दोर कुजलाय, म्हणून म्हाताऱ्याने ती हातांनी धरून ठेवलीय. "उशीर झाला मला," लोहबाहू म्हणतो. "बसा," म्हातारा म्हणतो, "तुमचे भाऊ पलीकडे वाट बघताहेत."

"हं," अण्णा म्हणाले. "हं. हं."

"अण्णा, रडू नका, पट्टी भिजेल," बायको दाराशी येऊन म्हणाली.

पट्टी निघाली. एका संध्याकाळी लेखक घरी आला, तेव्हा अण्णा खिडकीत तोच अंक घेऊन बसले होते. पानं पुढे, पानं मागे. दोन पानं चिकटली असतील म्हणून बोट ओलं करून कोपरा चोळत होते. भिंग लावलं, काढलं, पुसून पुन्हा लावलं.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "दवाखान्यात परत जावं लागणार. डोळ्यात काहीतरी राहिलंय. होडीवाल्याचं पान मला दिसतच नाही."

बायकोने घाबरून फोन उचलला.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं लेखकाला झालं. "अण्णा, डोळा ठणठणीत आहे," तो दारातूनच म्हणाला. "ते पान नाहीच. मी तोंडाला आलं ते सांगितलं."

अण्णांनी वर पाहिलं. इतकं स्वच्छ त्यांनी आपल्या मुलाला कितीतरी वर्षांत पाहिलं नसेल.

"म्हणजे तो माणूस अजून काठावरच आहे?"

"हो."

"होडी हातात धरून?"

लेखकाने मान खाली घातली.

"मग इथे काय उभा आहेस?" अण्णा म्हणाले आणि त्यांनी अंक मिटला.