विहिरीतून बॅलेच्या वर्गात

मी एक जुना लोखंडी पाइप आहे, मित्रांनो. धुळ्यातल्या देवपूर भागात एका लहानशा सभागृहाच्या भिंतीला, साधारण कमरेच्या उंचीवर, मी आडवा बसवलेला आहे. रोज संध्याकाळी मुली एका हाताने मला धरतात, पाठ ताठ करतात आणि सावकाश गुडघे वाकवायला सुरुवात करतात. हा बॅले नावाच्या परदेशी नाचाचा वर्ग आहे. या नाचात सरावाला असा आधार लागतो. इथे सगळे मला 'बार' म्हणतात.

पण माझा जन्म काही नाचासाठी झाला नव्हता. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांदीसारखा चमकत होतो. साक्रीजवळच्या एका गावातल्या निंबाभाऊंनी मला विकत घेतलं आणि आपल्या विहिरीत उभं सोडलं. मोटर सुरू झाली की मी अंगभर थरथरायचो आणि माझ्या पोटातून पाणी वर चढून कांद्याच्या वाफ्यांत जायचं. निंबाभाऊ मला थोपटून शेजाऱ्यांना आपल्या अहिराणीत सांगत, "हाऊ पाइप मजबूत शे!" तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पुढे पाण्यात बुडून चालणारी मोटर आली आणि तिच्यासोबत काळा प्लास्टिकचा पाइप आला. मला वर काढून गोठ्यामागे ठेवलं. निंबाभाऊंच्या पत्नी यशोदाबाई माझ्यावर गोधड्या वाळत घालत. कोंबड्या माझ्यावर बसून ऊन खात. अंगावर गंज चढत गेला. आता भंगारवाला येईल तेव्हाच आपण इथून हलणार, असं मी धरून चाललो होतो.

मित्रांनो, मला तिथून उचललं ते रत्नाने. रत्ना ही निंबाभाऊंची मुलगी. शाळेत असताना ती उंच उडीत तालुक्यात पहिली यायची. कॉलेजसाठी ती धुळ्याला मावशीकडे राहायला गेली. मावशीची छोटी किरण बॅलेच्या वर्गाला जायची आणि तिला सोडायचं काम रत्नाकडे आलं. दाराशी उभ्या उभ्या रत्नाचे पाय आपोआप हलू लागले. वर्ग घेणाऱ्या कामिनी मॅडमनी ते पाहिलं आणि तिला आत बोलावलं. तेव्हा रत्नाला एकोणिसावं वर्ष लागलं होतं. ज्यांना बॅलेत नाव कमवायचं असतं, ती मुलं सहा-सात वर्षांची असतानाच सुरुवात करतात. रत्ना त्याच वयाच्या पोरींच्या रांगेत, त्यांच्याहून दुप्पट उंच, उभी राहिली.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती गावी आली. बरोबरीच्या मुली झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या आणि ही मात्र गोठ्यामागे आली. दोन मेढी रोवून त्यांच्या बेचक्यांत तिने मला आडवं ठेवलं आणि माझ्यावर हात ठेवून ती एक पाय हळूहळू मागे उचलू लागली. तेवढ्यात निंबाभाऊ वैरण घ्यायला आले.

"काय करी राहिनी वं, रत्ना?"

"नाना, हाऊ नाच शे."

"कसा नाच हाऊ? ना ढोल, ना गाना!"

रत्ना हसली. मग तिने मला सोडलं, चार पावलं धावली आणि हवेत उडाली. पाय लांब पसरलेले, मान ताठ. खाली आली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. निंबाभाऊंच्या हातातली वैरण तशीच राहिली.

"हाई शिकीसन पुढे काय करशी?" त्यांनी विचारलं.

"नाचसू. तेच मनं काम व्हई."

यशोदाबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लोके काय म्हनतीन? आनि एवढी मोठी व्हयनी, आते कसानं शिकनं?"

"उशीर व्हयना, माय," रत्ना म्हणाली. "पन सुरू ते व्हयनं ना?"

निंबाभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "पाऊस उशिरा उना ते आपन पेरतसच ना?" एवढं बोलून ते वैरण घेऊन गेले. यशोदाबाईंच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही.

धुळ्याच्या वर्गात तेव्हा बार नव्हता. मुली खिडकीचे गज नाहीतर खुर्च्यांच्या पाठी धरायच्या. हे कळल्यावर निंबाभाऊंनी मला घासून गंज काढला, कांद्याच्या पिकअपमध्ये टाकलं आणि स्वतः सभागृहात आणून पोचवलं. तिथे वेल्डरने माझी टोकं कापून गुळगुळीत केली आणि मला भिंतीला पक्कं बसवलं. कामिनी मॅडमनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मी जराही हललो नाही.

त्यानंतरची वर्षं सोपी नव्हती. लहान मुलींची अंगं ओल्या मातीसारखी वळतात. रत्नाची हाडं घडून झाली होती. मांड्या बाहेर वळवताना तिचा तळहात घामाने भिजायचा आणि माझ्यावरची पकड घट्ट व्हायची. शेजारी किरण सहज पाय पसरून जमिनीला टेकायची आणि विचारायची, "ताई, तुला का नाही येत गं?"

"येईल. तू मोज बरं, मी किती वेळ टिकते," असं रत्ना म्हणायची.

पंजाच्या टोकावर उभं राहायचे कडक बूट घालायची तिला फार इच्छा होती. पण कामिनी मॅडम परवानगी देईनात. एकदा ती चिडलीच. "मॅडम, माझ्याकडे वेळ नाहीये हो!"

"घाई तुला आहे, घोट्याला नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "घोटा गेला तर नाचही गेला. तुझी उडी तुझी स्वतःची आहे, तशी मी कुणाची पाहिली नाही. काही गोष्टी मात्र तुला कधीच पूर्ण येणार नाहीत. हे ऐकून थांबायचं असेल तर आत्ता थांब."

रत्नाने पुन्हा माझ्यावर हात ठेवला. "ज्या येतील त्या तरी पूर्ण येऊ देत," ती म्हणाली आणि पुन्हा गुडघे वाकवू लागली. घोटा तयार झाला तेव्हाच तिच्या पायात ते बूट आले.

पुढे ती मुंबईला एका नृत्यसंस्थेच्या निवडीला गेली. तिथे वय ऐकूनच तिला परत पाठवलं. ती तशीच वर्गात आली. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. रत्ना पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, त्यांनी मला नाचायला सांगितलंच नाही. म्हणजे माझ्या नाचाला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही." मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी मला ती माझ्यापेक्षा मजबूत वाटली.

मग तिने नाचाची अशी मंडळी शोधली, जिथे बॅले आणि आजचे नवे नाच एकत्र बसवतात. ती बेंगळुरूला निघाली. तिकडे काय झालं ते परत आल्यावर तिने किरणला माझ्यापाशीच उभं राहून सांगितलं. तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, "कधीपासून शिकतेस?" रत्नाने खरं तेच सांगितलं. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. तरी बाई म्हणाल्या, "ठीक आहे, नाचून दाखव." ती उडाली तशा त्या खुर्चीतून पुढे झुकल्या. "पुन्हा," म्हणाल्या. नंतर आणखी एकदा. मग त्यांनी तिला वर्षभर शिकाऊ म्हणून ठेवून घेतलं आणि वर्ष संपल्यावर मंडळीत कायमची जागा दिली.

गेल्या हिवाळ्यात त्या मंडळीचा कार्यक्रम नाशिकला झाला. निंबाभाऊ आणि यशोदाबाई पहिल्यांदाच असा नाच बघायला गेले. परतताना धुळ्यात उतरून ते कामिनी मॅडमना भेटायला आले. यशोदाबाई सारख्या पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

"मॅडम, ती उडनी ना, तवय माले वाटनं आते काय खाले येत नही!"

निंबाभाऊ म्हणाले, "साक्रीना बजारमा लोके इचारतस, पोर काय करस? मी सांगस, मनी पोर नाचस. तेच तिनं काम शे." एवढं बोलून त्यांनी मला थोपटलं. नंतर वर्ग सुरू झाला तेव्हा ती दोघं भिंतीशी बसून शेवटपर्यंत बघत राहिली.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझं थोडं मागणं आहे. माझ्यावर लोंबकळू नका, त्याने भिंतीतले स्क्रू ढिले होतात. घामाचे हात लागले तर जाताना मला कोरड्या फडक्याने पुसा. आणि रांग भरलेली असताना कुणी उशिराने दारात येऊन उभं राहिलं, तर त्याचं वय विचारत बसू नका. सगळे जण एक-एक हात सरका. मी चांगला लांब आहे.