सान्वी इलेक्ट्रिकल्सचा मेगर

मी मेगर. नावाला घाबरू नका. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, बाजूला एक हँडल आणि काचेखाली एक काटा, एवढाच माझा पसारा. हँडल गरागरा फिरवलं की मी वायरमध्ये वीज सोडतो आणि ती कुठे गळतेय का ते बघतो. वायर धड असेल तर माझा काटा अनंताच्या खुणेकडे धावतो. कुठे सोललेली असेल तर शून्यावर ढिम्म बसतो.

माझे पहिले मालक पोपटराव, कल्याणजवळच्या मोहने गावचे. शिडी चढवेनाशी झाली तेव्हा त्यांनी माझा वेगळाच धंदा काढला. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा परवाना हवा तर स्वतःचा मेगर दाखवावा लागतो आणि नवा मेगर काही स्वस्त नसतो. मग नवखे लोक मला एका दिवसाच्या भाड्याने न्यायचे, टेबलावर मांडायचे आणि तपासणी झाली की परत आणून द्यायचे. आठ वर्षांत मी अकरा जणांचा ‘स्वतःचा मेगर’ झालो. हँडल मात्र एकानेही फिरवलं नाही.

बारावी आली कल्पिता. डोंबिवलीहून, तीन वर्षांच्या सान्वीला कडेवर घेऊन.

“पाचशे रुपये. उद्या संध्याकाळी परत,” पोपटराव म्हणाले.

“आणि नंतर तपासणीच्या साहेबांनी पुन्हा बघायला मागितला तर?”

“नाय मागत गं.”

“पण मागितलाच तर?”

“पोरी, एवढी घाबरतेस तर धंद्यात कशाला पडतेस?”

“घाबरते म्हणूनच विकत मागतेय. केवढ्याला देता?”

साडेचार हजारांत मी तिचा झालो. खाली स्कूटरवर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, दिपेशने, मला बघून कपाळाला हात लावला. “भिशीचे पैसे? कल्पू, अगं भाड्याने आणायला गेलेलीस ना?”

दिपेश वायरमन. दुसऱ्याकडे बारा वर्षं राबून त्याने नुकतंच काम सोडलेलं. कल्पिताकडे डिप्लोमा आणि सुपरवायझरचं सर्टिफिकेट. ते सान्वीच्या जन्मापासून लसीकरणाच्या कार्डाखाली पडून होतं. परवान्याला सुपरवायझर लागतोच आणि बाहेरचा महिन्याला अठरा हजार मागत होता. “आपला सुपरवायझर घरचाच. एक खर्च वाचला!” दिपेश ज्याला त्याला सांगायचा.

बाकीचे खर्च वाचले नाहीत. परवान्याची फी, विमा, ड्रिल मशीन, ॲल्युमिनियमची शिडी, मला तपासून घेतल्याचा दाखला. सान्वीच्या चित्रकलेच्या वहीत, हत्तीच्या मागच्या पानावर, कल्पिता बेरीज करायची. एकदा करून तिचं समाधान व्हायचं नाही. तीनदा केली की तीन वेगवेगळे आकडे यायचे आणि ती सर्वांत मोठा खरा मानायची. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. शिडीची किंमत ती ठळक लिहितात, टेम्पो, चहा आणि सिमेंटची पिशवी मात्र ‘किरकोळ’ म्हणून सोडून देतात. पैसा तिथूनच गळतो. त्या गळतीवर माझा काटा चालत नाही.

“पहिल्या कामात तोटा झाला तर बंद,” तिने दिपेशला बजावलं. “तू परत शेठकडे जा, मी ट्यूशन घेईन.”

‘सान्वी इलेक्ट्रिकल्स’च्या नावाने परवाना आला आणि पहिलं काम ठाण्यात, वर्तकनगरला मिळालं. नीलाकाकूंचं दोन खोल्यांचं जुनं घर, सगळं वायरिंग नवं. कल्पिताने बासष्ट हजारांचं कोटेशन दिलं. काम छान झालं, भिंती रंगल्या, सुताराने स्वयंपाकघरात कपाटं ठोकली. शेवटच्या दिवशी तिने माझं हँडल फिरवलं. हॉल ठीक, बेडरूम ठीक. स्वयंपाकघराला काटा शून्यावर.

“परत फिरव,” दिपेश म्हणाला.

तिने चारदा फिरवलं. मी तरी काय करणार?

“लाइट लागतोय, मिक्सर फिरतोय. सोड ना. रंग झालाय, कल्पू.”

“रिपोर्टवर सही माझी आहे. मला झोप लागेल का?”

“तुला तशीही लागत नाही.”

दोघं हसले आणि मग कपाट उतरवलं. सुताराचा स्क्रू नेमका पाइपातून वायरमध्ये घुसलेला. भिंत फोडली, वायर बदलली, पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग. चोवीसशे रुपये आणि दोन दिवस गेले. कल्पिताने ते बिलात लावले नाहीत. सुताराशी भांडण्यापेक्षा तेच तिला सोपं वाटलं.

नीलाकाकूंची अख्खी नोकरी ऑडिटमध्ये गेलेली. त्यांनी चष्मा लावून बिल वाचलं. “माल आहे, दिपेशची मजुरी आहे. तुझी कुठाय?”

“माझी?” कल्पिता गडबडली. “मी काय काकू, घरचीच.”

“कुणाच्या घरची? माझ्या तर नाहीस.”

दिपेश खिडकीबाहेर बघू लागला.

काकूंनी ठरलेले बासष्ट हजारच दिले, वर एक रुपया नाही. “कोटेशन तुझं, चूकही तुझी,” त्या म्हणाल्या. “पण वरच्या मजल्यावरच्या वल्लरीला वायरिंग करायचंय. तिला नीट लिहून दे.”

घरी पुन्हा हत्तीचं पान उघडलं. कल्पिताची मजुरी सोडली तर चार हजार नफा, धरली तर पाच हजार तोटा.

“मग नको धरू,” दिपेश म्हणाला आणि तिचं तोंड बघून लगेच, “बरं, धर. पण मग बंद करायचं का?”

तिने पुन्हा एकदा सगळ्या आकड्यांवरून पेन्सिल फिरवली. “काम तोट्यात नव्हतं रे. कोटेशन तोट्यात होतं.”

वल्लरीच्या कोटेशनमध्ये तिने पहिलीच ओळ लिहिली: देखरेख व तपासणी. पुढे तीन हजार लिहिले, खोडले, सहा केले, खोडले, शेवटी नऊ हजार लिहून डोळे मिटून पाठवून दिलं. “जास्त झाले का रे? बाई म्हणेल काय?” असं तिने दिपेशला सातदा विचारलं. आठव्यांदा विचारायच्या आत वल्लरीचा मेसेज आला: ‘चालेल. सोमवारी येता का?’

आता मी स्कूटरवर दोघांच्या मध्ये, सान्वीच्या जुन्या दप्तरात बसून डोंबिवली-ठाणे करतो. हँडल फिरून फिरून गुळगुळीत झालंय. भाड्याच्या टेबलावर मिरवण्यापेक्षा हे शतपटीने बरं. तुमच्याकडे कधी वायरिंग निघालं तर भिंती रंगवण्याआधी मला एकदा बोलवा. आणि बिलात सर्वांत वर एक ओळ दिसेल, घाबरत घाबरत लिहिलेली. तेवढ्या ओळीवर घासाघीस करू नका.